भूप आणि देसकार ज्याला वेगळे कळत नाहीत, त्याने मला गाणं सुचवू नये

पेटीमास्तर :
इथल्याच एका पोस्टमध्ये काल एका सभासदाने लिहिलं की गाण्यांच्या ॲपना आता जुन्या श्रोत्यांपेक्षा गाणं जास्त कळतं. ती प्रत्येक गाण्याचा स्वर, लय, भाव मोजतात, तेव्हा पणजीच्या कला अकादमीत पहिल्या रांगेत बसून माना डोलावणाऱ्यांनी आपला शहाणपणा आवरता घ्यावा. खाली सगळ्यांनी 'अगदी बरोबर'चा जप लावलेला. माझी उभी हयात साथसंगतीत गेली, मला हे वाचून गप्प बसवेना.

मोजतात म्हणजे काय मोजतात? स्पॉटिफायने प्रोग्रामरांसाठी जी माहिती खुली केली होती तिच्यात प्रत्येक गाण्यापुढे आकडे असायचे. पट्टी शून्य ते अकरा, म्हणजे सप्तकातल्या बारा स्वरांपैकी एक. मेजर असेल तर एक, मायनर असेल तर शून्य. ठेका तीन ते सात मात्रांमधला. नाचण्याजोगं किती, आनंदी किती, हे शून्य ते एकच्या मापात. आता यात आपलं गाणं बसवून दाखवा. झपतालाच्या दहा मात्रा कुठे घालणार? विलंबित एकतालात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची, म्हणजे मिनिटाला बारा ते पंधरा. लय शोधणारे कित्येक प्रोग्राम १२०च्या आसपासची लय गृहीत धरून शोध सुरू करतात. त्यांना तबल्याची मधली भरती सापडते आणि तीच ते लय समजतात. मारवा रागाला मेजर म्हणाल की मायनर? पुरुष काळी एकला गातो, बाई काळी चारला, राग तोच. यंत्राच्या वहीत मात्र पट्टी वेगळी.

आणि भूप-देसकार हे दोन राग. दोघांतही सा रे ग प ध, पाचच स्वर. भूप गंधारावर विसावतो, देसकार धैवतावर. एक रात्रीचा, दुसरा सकाळचा. स्वरांची नुसती मोजदाद केली तर दोन्ही सारखेच दिसणार. माझ्याकडे शिकायला येणारी शाळकरी पोरंसुद्धा हा फरक ओळखतात, कारण त्यांच्यासमोर बसून कुणीतरी धैवत लावून दाखवलेला असतो.

कोडवाला_फोंडा :
मास्तर, मान राखून सांगतो, तुमचा नेम चुकलाय. ते आकडे एको नेस्ट नावाच्या कंपनीच्या कामातून आले. ही कंपनी एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघालेली, २०१४ मध्ये स्पॉटिफायने ती विकत घेतली. पण तुमच्यापुढे येणारी बहुतेक गाणी त्या आकड्यांवरून येत नाहीत. ज्यांनी अभिषेकीबुवांचं एक पद ऐकलं त्यांनी आणखी काय ऐकलं, कुणी कोणत्या दोन गाण्यांना एका प्लेलिस्टमध्ये शेजारी ठेवलं, कुठे कंटाळून पुढे ढकललं, यावरून येतात. म्हणजे तुमच्यासारख्याच हजारो माणसांच्या कानांवरून. प्रत्यक्ष आवाज तपासायची खरी गरज लागते ती नव्या गाण्याला, ज्याला अजून श्रोताच नाही. तिथेही आता बारा खाने लागत नाहीत. आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे सुरांच्या चढउताराचं चित्र, काढतात, त्यात मींडही (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) दिसते आणि आंदोलनही (स्वर हलका डोलवणं), आणि तो न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, देतात.

राग ओळखण्यावर काम झालेलंच नाही असंही नाही. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात २०११ पासून काही वर्षं हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम अशा संगीतांवर प्रकल्प चालला. आयआयटी मुंबईतही यावर संशोधन होतं.

आणि शेवटचं. बारा पट्ट्यांची तक्रार पेटीवाल्याने करावी? याच कारणासाठी १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती.

पेटीमास्तर :
ही बंदी मला शिकवू नका. त्या बंदीने माझ्या गुरुजींना रेडिओच्या दारातही उभं राहू दिलं नव्हतं. पेटीत बाराच पट्ट्या आहेत हे पेटीवाल्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, म्हणूनच आम्ही गवयाच्या मागे राहतो. तो कोमल रिषभ खाली ओढतो तेव्हा आम्ही हात उचलतो. कधी उचलायचा हे ज्याला कळतं तो साथीदार. तुमचं यंत्र हात उचलतं का?

आणि 'तुमच्यासारख्याच माणसांच्या कानांवरून' म्हणता, तर माझ्यासारखे किती? अर्धं मिनिट वाजलं की गाणं ऐकलं असं हिशेबात धरतात. ख्यालाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात तानपुरा जुळतो आणि षड्ज लागतो. तेवढ्यात लोक पुढे ढकलतात, आणि यंत्र शिकतं की हे कुणाला नको.

पेडण्याची_लेक :
मला दोघांचंही पटत नाही, पण मास्तरांचं जास्त खटकलं. 'समोर बसून धैवत लावून दाखवतात' म्हणे. कुणासमोर? आमच्या आजीच्या वेळी देवळाच्या चौकात कुणी कुठे बसायचं ते ठरलेलं असे. आज आपण केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गायिकांचं नाव घेऊन गोव्याचा अभिमान मिरवतो. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर या अमेरिकन यानातल्या तबकडीवरून अंतराळात गेली, हे प्रत्येक समारोहात सांगतो. त्या दोघी कलावंत घराण्यांतल्या, म्हणजे देवळाच्या सेवेत गाणाऱ्या-नाचणाऱ्या समाजातल्या, आणि त्यांचं गाणं ऐकायला येणाऱ्या घरांनी त्यांना पंगतीला कुठे बसवलं असतं, हे कुणी सांगत नाही.

मी एक नाट्यपद ऐकत होते. ते संपल्यावर ॲपने आपणहून मोगूबाई लावल्या. मला त्यांचं जयपूर-अत्रौली घराणं वगैरे काही माहीत नव्हतं. स्वयंपाक करता करता विळी बाजूला ठेवून ऐकत उभी राहिले. त्याआधी मी आमच्या भागातल्या एका बुवांकडे शिकायला गेले होते. त्यांनी आधी वडिलांचं नाव विचारलं, मग वाडा विचारला, मग 'जागा नाही' म्हणाले. यंत्राने यातलं काहीच विचारलं नाही. भूप-देसकार कळत नसेल त्याला, मला ते चालेल.

पेटीमास्तर :
ताई, त्या बुवांचं वागणं नीच होतं. त्यावर माझी काही सफाई नाही.

घुमटकार :
तुमचं उच्च चाललंय ते चालू दे. आमची अडचण वेगळीच. आम्ही डिचोलीकडचे, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरोघर फिरून घुमट आरती करतो. गेल्या चवथीला आमच्या पोरांनी नीट रेकॉर्डिंग करून ॲपवर चढवलं. घुमट, शामेळ हा ढोल, कांसाळे म्हणजे झांजा, सगळं छान आलं. आता आमची आरती संपली की पुढे काय वाजतं? मिरवणुकीतलं डीजेचं धांगडधिंगं. मातीच्या भांड्याचा घुमणारा आवाज आणि वाढत जाणारी लय, बहुतेक त्याला वाटलं हे नाचायचं गाणं. आमच्याकडे ती आरती देवापुढे हात जोडून ऐकतात.

दुसरं म्हणजे चढवताना फॉर्ममध्ये भाषा विचारली. आरती मराठी, म्हणून आम्ही मराठी लिहिली. तर गोव्यातल्या लोकांना ती दिसतच नाही, पुण्या-मुंबईकडच्या आरत्यांच्या ढिगात गेली.

कोंकणी_मोगी :
भाषा कोकणी लिहायची होती. घुमट गोव्याचं, २०१९ मध्ये सरकारने त्याला वारसा वाद्य ठरवलं, वाजवणारे घरी कोकणी बोलतात, मग गाणं मराठी कसं? आमची भास कोंकणी, हें विसरूं नाकात. आपलं सगळं मराठीच्या खात्यात टाकायची ही जुनी खोड, आता फॉर्मवरही सुरू झाली.

घुमटकार :
घरी कोकणीच बोलतो, त्याचा अभिमानही आहे. पण आरतीचे शब्द मराठी आहेत, आजोबांच्या वहीत मराठी आहेत, देवापुढे मी खोटं लिहू का?

डिचोलीचा_मराठीप्रेमी :
अगदी. कोकणीला गोव्याची राजभाषा करणाऱ्या १९८७च्या कायद्याने मराठीला कोपऱ्यात बसवलं, आता ॲपमधूनही हाकला. आमचे उत्सव, काल्यातली नाटकं, भजनी सप्ताह, सगळं मराठीत. कोकणीवाल्यांना सगळ्यावर हक्क पाहिजे.

कोंकणी_मोगी :
कोपरा? कोकणीचा कोपरा तुम्ही पाहिलेला नाही. माझ्या मावसभावाने देखणी, म्हणजे कोकणी नाचगाणं, रेकॉर्ड केली. ज्या एजंटाकडून चढवली त्याच्या भाषेच्या यादीत कोकणी नव्हतीच. त्याने परस्पर हिंदी लिहून टाकलं. आता तिच्यापुढे हिंदी लग्नगीतं वाजतात, आणि आमचा दुबईतला माणूस ती शोधायला जातो तर मिळत नाही. मराठीला निदान फॉर्मवर ओळ आहे. आधी ते बघा, मग रडा.

डिचोलीचा_मराठीप्रेमी :
तुमच्या देखणीबद्दल वाईट वाटतं. त्यावर उपाय म्हणून आमची आरती न्यायची नाही.

कोंकणी_मोगी :
आमची-तुमची करणारे तुम्ही. तेच घुमट मांडो या कोकणी गाण्यांतही वाजतं.

कोडवाला_फोंडा :
हे थांबवा कुणीतरी. मूळ प्रश्न यंत्र काय ऐकतं हा होता. शब्दांची भाषा आणि प्रदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका रकान्यात कोंबल्या की हेच होणार. घुमटकार, शब्द मराठी असतील तर भाषा मराठीच लिहा. नावात 'गोवा घुमट आरती' येऊ द्या, आणि गावातल्या लोकांना ती आपापल्या प्लेलिस्टमध्ये इतर घुमट आरत्यांच्या शेजारी ठेवायला सांगा. आवाजावरून केलेला अंदाज चुकीचा असला तरी ऐकणारी माणसं जमली की तो मागे पडतो. डीजेची गाणी हळूहळू जातील.

घुमटकार :
म्हणजे यंत्राला शिकवायचं काम पुन्हा आमचंच.

कोडवाला_फोंडा :
हो. एके काळी पँडोरा ही अमेरिकन गाण्यांची सेवा याच कामासाठी पगारी वादक-गायक बसवायची. २००० पासून ते एकेक गाणं ऐकून साडेचारशेपर्यंत गुणधर्म हाताने भरत. ती सेवा भारतात आली नाही, आणि आपल्या गाण्यासाठी तसं कुणी बसवलेलं माझ्या माहितीत नाही.

पेटीमास्तर :
हे आधी सांगायचं होतं, मी एवढा तापलो नसतो. गाणं ऐकणारा माणूस बसवा, त्याने भरलेल्या गोष्टी वापरा, माझं भांडण नाही. कॅसेटच्या कव्हरवर राग, ताल, तबल्याला कोण, पेटीला कोण, सगळं छापलेलं असे. ॲपवर गवयाचं नाव आणि फोटो, बस्स. मी ज्या मैफलींना साथ केली त्यांतल्या काही ॲपवर आहेत. माझं नाव एकीवरही नाही, तबलजीचंही नाही. रागाच्या जागी 'रिलॅक्सिंग' लिहिलेलं एक रेकॉर्डिंग मी स्वतः पाहिलं, आणि आत दरबारी राग होता. तुमचा स्पेक्ट्रोग्राम मींड पाहत असेल, ते मी मानतो. पण समोर 'दरबारी' ही चार अक्षरं लिहायला कुणाला वेळ नाही, आणि आम्हाला सांगता की यंत्राला गाणं कळतं.

कोडवाला_फोंडा :
साथीदारांच्या नावाचं शंभर टक्के मान्य. भूप-देसकारचंही मान्य करतो, आजच्या ॲपपैकी एखादं तो फरक बघून गाणं सुचवत असेल असं मला दिसलेलं नाही. पण पेडण्याच्या ताईंना मोगूबाई मिळाल्या, त्या याच ॲपमुळे. हे तुम्ही अजून मान्य केलेलं नाही.

पेटीमास्तर :
मिळाल्या, मान्य. आता पुढे त्यांना कोण शिकवणार? ताई, पेडण्याहून फोंडा लांब पडतो, पण रविवारी सकाळी माझ्याकडे पेटी मोकळी असते. वाडा विचारणार नाही.

पेडण्याची_लेक :
आधी तुमच्याकडे शिकणाऱ्या मुलींशी बोलते, मग ठरवते.

कोंकणी_मोगी :
तो फॉर्म भरून घेणारा एजंट कोणाच्या ओळखीचा असेल तर त्याला यादीत कोकणी घालायला सांगा. बाकीचं भांडण चवथीला समोरासमोर करू.

घुमटकार :
या. आरती मराठीच होईल.