बालबाजारात हिशोब मुलांनीच करावा, यासाठी तुम्ही काय करता?

डोंगरशाळा
नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात डोंगरभागातल्या जिल्हा परिषद शाळेवर आहे. पहिली ते चौथी, पट ३८, आम्ही दोघं शिक्षक. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती झाली की त्याच आठवड्यात आमच्याकडे बालबाजार भरतो. काही ठिकाणी याला आनंद मेळावा म्हणतात.

गेल्या वर्षीचा बाजार अजून मनातून जात नाही. पाहुणे आल्याशिवाय फीत कापायची नाही, म्हणून मुलं नऊपासून आपापल्या पोत्यावर बसून होती. पाहुणे आले साडेअकराला. तोवर मेथीच्या जुड्यांनी उन्हात माना टाकल्या. मग सत्कार, मग भाषणं. बाजार सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने फेरी मारली, तर जवळजवळ प्रत्येक पोत्यामागे कुणाची आई, कुणाचे काका. तेच वजन करतायत, तेच पैसे घेतायत, पोरं शेजारी उभी. दोघातिघांनी तर घरचा क्यूआर कोड चिकटवलेला. नाणं मुलाच्या हाताला लागलंच नाही.

खरं विकत होती एकच, तिसरीतली एक मुलगी. तिच्या घरचे ऊसतोडीला गेलेले, ती आजीकडे राहते. वीस रुपयांची गाजरं घेऊन कुणी पन्नासची नोट दिली की ही चाळीस परत द्यायची. गिऱ्हाइकांतल्या कुणी सांगितलं, कुणाच्या ध्यानातच आलं नाही. संध्याकाळी तिने कंपासपेटीतले पैसे तीनदा मोजले. रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, माझं कुठं चुकलं?" मला सांगता आलं नाही, कारण मी पाहुण्यांच्या चहापाशी होते. हीच मुलगी पाटीवर हातच्याची वजाबाकी न चुकता सोडवते.

यंदा बाजार मुलांचाच व्हायला हवा. तुम्ही तयारी कशी करून घेता? आणि पालकांना न दुखवता मागे कसं ठेवता?

जुना_फळा
बाई, ती मुलगी वजाबाकीत कच्ची नाही. बाजारात उभी वजाबाकी कुणीच करत नाही, आणि आपण तीच शिकवून पोरांना बाजारात बसवतो. किराणावाल्याचा हात बघा. तेरा रुपयांचा माल, वीसची नोट. तो माल पुढे करताना "तेरा" म्हणतो, दोनचं नाणं ठेवत "पंधरा", पाचचं ठेवत "वीस". मोजत वर जायचं, नोटेच्या आकड्याला पोचलं की थांबायचं. मी मुख्याध्यापक असताना बाजाराआधी पंधरा दिवस, रोज परिपाठ झाला की दहा मिनिटं हे करून घ्यायचो. खरी नाणी घेऊन. पुठ्ठ्याच्या नाण्यांनी हाताला वळण लागत नाही.

दुसरी सवय त्याहून मोलाची. सुट्टे देऊन होईपर्यंत गिऱ्हाइकाची नोट डब्यात टाकायची नाही, पुढ्यात ठेवायची. आठवडे बाजारातल्या बायका असंच करतात. नोट डोळ्यासमोर असली की वीसची होती की पन्नासची हा घोळ होत नाही.

प्रत्येक पोत्याला ५० रुपयांचे सुट्टे द्या: एकची दहा नाणी, दोनची पाच, पाचची चार आणि दहाचं एक. ते देताना मुलाकडून मोजून घ्या आणि वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्या. संध्याकाळी आधी हे ५० बाजूला काढायचे, उरेल ती विक्री. पैसे फक्त रोख, हे पालकसभेतच सांगून टाका.

पालकांसाठी मी फक्कीची रेघ मारायचो. रेघेच्या आत मुलं, बाहेर गिऱ्हाईक. आईवडिलांनी स्वतःच्या मुलाकडून काही घ्यायचं नाही, दुसऱ्यांच्या मुलांकडून घ्यायचं. कुणी दुखावलं नाही, उलट आया चार पोत्यांवर भाव करत फिरायला लागल्या. पाहुण्यांनाही हातात पिशवी देऊन रेघेबाहेरच उभं करा. फीत नको.

रेवाळ_माती
जुना_फळा सरांना पूर्ण अनुमोदन. मी वजनाबद्दल सांगते. आमच्याकडे मुलं वजनं स्वतः तयार करतात, आणि माझ्या मते बाजाराइतकाच तो दिवस महत्त्वाचा असतो.

बांबूच्या कामटीला बरोबर मध्ये दोरी बांधायची, दोन्ही टोकांना एकसारखी ताटली. एका ताटलीत एक किलो मिठाची पुडी, दुसरीत वाळूच्या दोन पिशव्या. दोन्ही मिळून पुडीशी तुलल्या पाहिजेत, आणि मग एकमेकींशीही तुलल्या पाहिजेत. इथे मुलं अडतात. एकीतली चिमूटभर वाळू काढून दुसरीत, परत तोलून बघ, असं अर्धा तास चालतं. जमलं की तो अर्धा किलो. मग त्याचेही दोन भाग, तो पाव किलो. गेल्या वर्षी चौथीतला एक मुलगा पावाचेही दोन करून बसला आणि विचारायला आला, याला काय म्हणायचं? त्याच्या आजोबांनी घरी सांगितलं, अदपाव. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाच्या तोंडी अदपाव. अपूर्णांकाच्या धड्याला मला फळ्यावर भाकरी काढावी लागली नाही.

नफा लिहून घेताना मात्र सांभाळा. भाजी घरच्या शेतातली, म्हणून मुलं खर्च शून्य लिहितात. मी त्यांना घरी विचारून यायला सांगते: बी केवढ्याचं, खुडायला कोण होतं, किती वेळ लागला. एकीने "आई, दोन तास" असं लिहून आणलं आणि त्यापुढे किती रुपये लिहू म्हणून विचारलं. त्यावर वर्ग तासभर बोलत होता. शेवटी गावात बायकांना जो रोज मिळतो, त्या हिशोबाने आकडा धरला.

पालक_पुणे_जिल्हा
मी शिक्षक नाही, माझा मुलगा दुसरीत आहे. एकच सुचवतो, बाजार भोगीच्या आदल्या दिवशी ठेवा. भोगी बहुतेक वर्षी १३ जानेवारीला येते. ओला हरभरा, गाजर, वांगी, पावटा, तीळ सगळ्यांनाच लागतं, मग शाळेच्या कौतुकापोटी नाही, गरज म्हणून लोक घेतात. आमच्या इथे मुलांचा माल तासाभरात संपला. मुलगा घरी येऊन सांगत होता, "लोकांना हवं होतं ते माझ्याकडे होतं."

डोंगरशाळा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल परिपाठानंतर खरी नाणी काढली. त्या मुलीला मुद्दाम पहिली बसवली. गाजरं वीसची, नोट पन्नासची. "वीस," म्हणाली, दहाचं नाणं ठेवून "तीस", दुसरं ठेवून "चाळीस", आणि थांबली. नोटेकडे बघितलं, तिसरं ठेवलं. "पन्नास." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मागच्या वर्षी मी इथं चुकले."

बाजार १२ तारखेला ठरवलाय, पाहुण्यांना तसं कळवलं. आता अडलंय पहिलीचं. त्यांना वजन, सुट्टे झेपणार नाही, पण नुसतं बसवून ठेवायचं नाही. काय द्यावं?

रेवाळ_माती
बोरं आणि चिंचा द्या, वाट्यावर विकायला. दहा बोरांचा एक वाटा, पाच रुपये, आणि गिऱ्हाइकाने पाचचं नाणंच आणायचं. वाटे त्यांनाच लावू द्या. शेवटी सुटी बोरं उरतील, दहाला कमी पडणारी, ती वेगळी ठेवतील. दशक-एकक शिकवायला परत बसाल तेव्हा तीच बोरं टेबलावर घ्या.