गेमच्या कॅसेट भंगारात द्यायच्या की ठेवायच्या? (जुळे सोलापूर, आमच्या सोसायटीचा ग्रुप)

वर्षा (बी-३०४): नमस्कार मंडळी. माळा आवरायला काढलाय. ह्यांच्या लहानपणीच्या टीव्ही गेमच्या कॅसेट सापडल्या, पत्र्याचा डबा भरून. भंगारवाला जुन्या रिमोटसकट किलोवर मागतोय. धाकटा म्हणतो, थांब आई, अमेरिकेत मारिओ गेमची एक कॅसेट १५ कोटींना गेलीय. खरं आहे का ओ? फोटो टाकलेत, बघा कोणाला कळतंय का.

नागेश (ए-२०२): वहिनी, मग यंदाचा सगळ्यांचा मेंटेनन्स तुमच्याकडं.

महादेवी काकू (बी-१०१): अय्यो, आमच्या सूनबाईनं मागच्या दिवाळीला असल्याच दिल्या की टाकून! तेव्हा कुठं होतास बे नागेश?

सेक्रेटरी: उद्या पाण्याचा दिवस आहे. टाकी भरेपर्यंत गाड्या धुऊ नयेत. आणि ग्रुपवर सोसायटीचे विषय घ्यावेत ही विनंती.

निखिल (सी-१०४): साहेब, आजच्या दिवस चालवून घ्या. वहिनी, धाकट्याची बातमी खरी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुपर मारिओ ब्रदर्सची एक प्रत २० लाख डॉलरला गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुसरी एक ६ लाख ६० हजार डॉलरला लिलावात गेली होती. ती कोणीतरी १९८६ मध्ये नाताळच्या भेटीसाठी घेतली आणि ड्रॉवरमध्ये विसरली. पण दोन्ही प्रती सीलबंद होत्या, दुकानातून आल्या तशाच. पैसा त्या न फोडलेल्या खोक्याला मिळाला. मारिओ जगभरात ४ कोटींच्या वर खपलाय, गेम मशीनबरोबरच यायचा. बिनखोक्याचा, खेळून झिजलेला खरा मारिओसुद्धा हजार-दीड हजार रुपयांच्या आसपासच जातो.

नागेश (ए-२०२): हात्तिच्या! १५ कोटींवरून थेट दीड हजार.

निखिल (सी-१०४): आणि तो खरा असेल तर. फोटोतल्या पिवळ्या कॅसेट सगळ्या कॉपी आहेत. आपल्याकडं नव्वदीत घरोघरी जी मशीन होती, ती निन्टेंडो ह्या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम मशीनची नक्कल. फॅमिकॉम १९८३ चा. नवी पेठेत, गड्ड्याच्या जत्रेत, जिथं मिळेल तिथून आपण ह्याच कॅसेट आणायचो, आणि कोणाला फरक पडत नव्हता. वरचं लेबल बघा, '९९९९९९९ इन १'. आत मोजून काही गेम, तेच पुन्हा पुन्हा, कुठं दुसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठं जास्त लाइफ देऊन.

शाहीनताई (बी-२०३): अगदी! आमच्याकडच्या यादीत 'टँक' चार वेळा होता. माझा भाऊ दरवेळी नवीन समजून लावायचा.

जोशी काका (ए-१०१): मी नाणी जमवतो म्हणून विचारतो. कंपनीचा माल नाही, मोजकाच छापलेला, तर तो दुर्मिळ नाही का? आणि दुर्मिळ म्हटलं की किंमत आलीच.

निखिल (सी-१०४): काका, तिथंच गल्लत होते. दुर्मिळ असून भागत नाही, हवं असणारं गिऱ्हाईक पाहिजे. १९९० मध्ये निन्टेंडोनं अमेरिकेत स्पर्धा घेतली होती, त्याच्या करड्या कॅसेट ९० आणि सोनेरी फक्त २६. त्यांच्या मागं संग्राहक वेडे आहेत, कारण नेमक्या किती निघाल्या ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या पिवळ्या कॅसेट कोणी काढल्या, किती काढल्या, कशाचाच हिशेब नाही. हौशी लोक त्याही घेतात, नाही असं नाही, पण आठवण म्हणून.

वर्षा (बी-३०४): एक जरा वेगळी आहे. लाल, लेबल जपानी. दीर मस्कतला होते, त्यांनी आणलेली असेल. अजून एक मोठी काळी आहे, तिच्यावर सेगा लिहिलंय.

निखिल (सी-१०४): आता कसं! लाल कॅसेटच्या खालच्या फटीत सोनेरी पट्ट्या दिसतील, त्या मोजा. एका बाजूला ३० असतील तर फॅमिकॉमची जात, एकूण ६०. निन्टेंडोच्या अमेरिकन मशीनच्या कॅसेटला ७२ असतात. पण नक्कलही ६० चीच असते, त्यामुळं एवढ्यावर हुरळू नका. लेबलवर कंपनीचं नाव नीट छापलंय का, छपाई पुसट आहे का, प्लास्टिकमध्ये अक्षरं कोरलेली आहेत का, ते बघा. खरी खूण आत. अस्सल कॅसेटच्या बोर्डावर सहसा पाय असलेल्या चौकोनी चिपा असतात, त्यांवर नंबर छापलेले. कॉपीत बहुतेक काळा डांबरासारखा थेंब. काही अस्सल जपानी कॅसेटमध्येही थेंब सापडतो, म्हणून एकाच खुणेवर निकाल द्यायचा नाही. आणि तुम्ही घरी उघडू नका हं. जपानी कॅसेट बऱ्याचदा खाचेत बसवलेल्या असतात, जोर केला की कवच तडकतं.

नागेश (ए-२०२): आणि फुंकर?

निखिल (सी-१०४): नको रे बाबा! तोंडातली वाफ पट्ट्यांवर बसते आणि त्या गंजतात. फुंकल्यावर चालायची ती काढून परत नीट बसली म्हणून. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलकं पुसायचं, वाळू द्यायचं. लेबलला ओलं लागू द्यायचं नाही. लेबल गेलं की निम्मी किंमत गेली समजा.

जोशी काका (ए-१०१): आणि भाव कुठं बघायचा? नेटवर एकानं अशीच कॅसेट दोन लाखाला लावली आहे.

निखिल (सी-१०४): लावायला काय, कोणी दहा लाखालाही लावेल. ईबे म्हणून खरेदी-विक्रीची साइट आहे, तिच्यावर 'सोल्ड' असा फिल्टर आहे, तो लावायचा, म्हणजे खरोखर विकलेलं दिसतं. तीच कॅसेट, तशीच अवस्था, खोकं आहे की नाही, एवढं जुळलं पाहिजे. नाव जुळलं म्हणून भाव जुळत नाही.

शाहीनताई (बी-२०३): वर्षा, अजून एक. ओएलएक्सवर टाकलीस की 'तीन लाख देतो, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे पाठवा' असा फोन येईल. माझ्या भावाला जुन्या नोटेसाठी आला होता, वर रिझर्व्ह बँकेचं नाव सांगत होता.

जोशी काका (ए-१०१): बरोबर. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय, जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमचा संबंध नाही आणि आम्ही कसलं कमिशन मागत नाही. विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे, हा कुठला धंदा!

वर्षा (बी-३०४): पट्ट्या मोजल्या. लाल कॅसेटला एका बाजूला ३०. मागं प्लास्टिकमध्ये निन्टेंडो कोरलंय. हा मागचा फोटो.

निखिल (सी-१०४): छपाई स्वच्छ आहे, कोरीव अक्षरंही नीट. अस्सल वाटतेय. खोकं नाही, त्यामुळं लाखांची गोष्ट सोडा, पण भंगारात मुळीच देऊ नका. सेगावालीही ठेवा. नव्वदीत सेगा ह्या दुसऱ्या गेम कंपनीची मशीन भारतात शॉ वॉलेस विकायची, हो, तीच दारूची कंपनी. त्या काळातलं बिल, वॉरंटी कार्ड किंवा खोकं डब्याच्या तळाशी सापडलं तर आधी मला फोटो पाठवा, कॅसेटपेक्षा त्यात जीव असेल. रविवारी सकाळी येतो, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि भिंग घेऊन.

वर्षा (बी-३०४): ये बाबा. पिवळ्या कॅसेट मुलांना खेळायला ठेवते. रिमोट तेवढे भंगारात दिले.

नागेश (ए-२०२): वहिनी, कॉन्ट्रा गेम आहे का त्यात? रविवारी मीही येतो.

सेक्रेटरी: खेळा, पण आवाज दहाच्या आत बंद. आणि पाणी उद्या पहाटे येणार आहे, मोटर कोण लावणार ते सांगा.