सख्ख्या बहिणी, मला झळा आणि ताईला काहीच नाही, जीन टेस्ट करावी का?

देवगडकरीण: पाळी लांबायला लागल्यापासून माझी पार वाट लागलीय, मधेच अंगातून वाफा निघतात, रात्री गाऊन भिजतो, त्यात आपल्याकडचा मे महिना म्हणजे घाम वाळायचं नावच नाही. मालवणची ताई माझ्याहून मोठी, तिला ना झळा ना चिडचिड, वर मलाच म्हणते तू विचार फार करतेस! भाची म्हणते इस्ट्रोजेन (बायकांचं हॉर्मोन) पकडणाऱ्या पेशींवरच्या रिसेप्टरचे जीन्स प्रत्येकीचे वेगळे असतात, ऑनलाइन टेस्ट मिळते, थुंकी पाठवायची. महाग आहे पण. आणि एकाच आईच्या पोटच्या आम्ही, मग जीन्स वेगळे कसे?

खाडीपलीकडचा: एमएस्सी बायोटेकवाला आहे, डॉक्टर नाही. माणसामाणसांत जीन्सचे जे फरक असतात त्यातले सख्ख्या बहिणींत सरासरी निम्मेच जुळतात, त्यामुळे तुमचं वेगळं असणं साहजिक आहे. इस्ट्रोजेनचे मुख्य रिसेप्टर दोन, अल्फा आणि बीटा (बीटा तर १९९६ मध्ये सापडला), त्यांच्या जीन्समधले बारीक फरक आणि झळा यावर बरंच काम झालंय पण एका ठिकाणी संबंध दिसतो, दुसरीकडे दिसत नाही. गंमत म्हणजे २०१७ मध्ये अमेरिकेत १७ हजारांवर बायकांचे जीनोम चाळले तेव्हा ठळक सापडला तो टीएसीआर३, म्हणजे मेंदूतल्या न्यूरोकायनिन रिसेप्टरचा जीन. इस्ट्रोजेन घटलं की तापमान सांभाळणाऱ्या भागाजवळच्या, हा रिसेप्टर असलेल्या पेशी जास्तच चेकाळतात आणि शरीराला उगाच वाटतं की उकडतंय. हाच रिसेप्टर अडवणारी फेझोलिनेटंट नावाची गोळी अमेरिकेत २०२३ ला मंजूर झाली, हॉर्मोन नाही ती.

गुहागरची काकू: अगो कोकमाचं सरबत घे आणि दुपारचा तिसरा चहा बंद कर, एवढं मोठं कशाला.

डॉक्टरीणबाई: काकू, चहाचं बरोबर आहे, काहींना त्याने झळ येते 🙂 टेस्ट नको. रिपोर्ट काहीही आला तरी उपचार बदलत नाही. त्या पैशांत टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा, थायरॉइडनेही असंच होतं, आणि रात्रीच्या घामासोबत बारीक ताप, खोकला किंवा वजन घटणं असेल तर टीबी आधी बघायचा. झळांवर सगळ्यात जास्त उपयोग हॉर्मोन थेरपीचा, पण ती तपासून, मेडिकलमधून परस्पर घेऊन नाही. पाळी पूर्ण १२ महिने बंद राहून पुन्हा रक्त दिसलं तर लगेच दाखवा.

देवगडकरीण: आमच्या मावशीला स्तनाचा कॅन्सर होता, मग हॉर्मोन चालतील?

डॉक्टरीणबाई: हे पहिल्याच भेटीत सांगा, किती वयात झाला तेही. एका मावशीला होता म्हणून लगेच नाही म्हणत नाहीत, मॅमोग्राफी करून ठरवतात, बिनहॉर्मोनची औषधंही आहेत. पण घरात आणखी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर, तोही कमी वयात झाला असेल, तर बीआरसीएबद्दल (या कॅन्सरचा धोका वाढवणारे जीन्स) विचारा. जीन टेस्टवर पैसे घालायचेच तर तिथे घाला, तेही शक्यतो आधी मावशीची करून.