न लागलेल्या धक्क्याचा फाऊल? बास्केटबॉलमधल्या रिबाउंडच्या (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडायच्या) शिट्टीवर बोला जरा

मिरजेचा सेंटर:
परवा सांगलीत भाच्याची शाळेची मॅच बघायला गेलतो. शेवटचं मिनिट, आमची पोरं एका पॉइंटनं मागं, आमचाच शॉट रिंगवरनं उडाला आणि भाच्यानं मागनं सरळ वर उडी मारून पुढच्या पोराच्या डोक्यावरनं बॉल काढला. अंगाला अंग लागलं नाही, मी बेसलाईनला दोन हातांवर उभा होतो. तरी शिट्टी! म्हणे ओव्हर द बॅक, म्हणजे मागनं पुढच्याच्या पाठीवरनं बॉल घेतला. समोरच्यांना दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे शॉट), दोन्ही बसले, मॅच गेली. अहो फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात ओव्हर द बॅक नावाचा फाऊलच नाही, वरनं हात नेला म्हणून फाऊल होत नाही, धक्का लागायला पाहिजे. आणि अटॅक करणाऱ्याच्या फाऊलवर फ्री थ्रो कुठनं आले?

शिट्टी सातारा:
दादा, फ्री थ्रो बरोबर दिलेत. शॉट हातातनं सुटला की टीमचा बॉलवरचा कंट्रोल संपतो, मग रिबाउंडला बॉल कुणाचाच नसतो. त्या क्वार्टरचे चार टीम फाऊल (टीमच्या सगळ्यांचे मिळून) आधी झाले असले तर पाचव्याला दोन फ्री थ्रो, ढकलणारा कुठल्याही टीमचा असो. बॉल तुमच्या हातात असताना फाऊल केला असता तर नुसता बॉल गेला असता.
आणि शिट्टीचं म्हणाल तर मी पंच आहे, लवकर वाजवणाऱ्यातलाच. पुढचा पोरगा हवेत असतो, मागचं त्याला दिसत नाही, पाठीत गुडघा बसला तर पडतो कसा ते मी बघितलंय.

विश्रामबागची गार्ड:
सगळे वरचे हात बघतात, खरा खेळ खाली कमरेला चालतो!! प्रत्येकाचा सिलिंडर असतो, म्हणजे त्याची हक्काची जागा, पुढं तळहातापर्यंत, मागं नितंबापर्यंत, बाजूला हातापायाच्या बाहेरच्या कडेपर्यंत, आणि सरळ उडी मारली तर वरची जागा पण त्याचीच. मग बॉक्स आउटच्या (समोरच्याला पाठीमागं अडवून धरायच्या) नावाखाली जो पुढचा खेळाडू मागं मागं रेटत येतो, कोपर अडकवून ठेवतो, उडालेल्याच्या पायाखाली शिरतो, त्याचा फाऊल कोण देणार? मी अशीच एकीच्या पायावर उतरले, घोटा मुरगळून तीन आठवडे घरी. शिट्टी नाही, कारण दोन्ही पंच बॉल बघत होते.

शिट्टी सातारा:
ताई, हे मान्य. शॉट सुटला की एकानं तरी बॉल सोडून माणसं बघायची असतात आणि आमच्याकडनं ते होत नाही, माझ्याकडनंपण. पण दादा, भाच्याला मागं थांबायची सवय लावू नका, शॉट सुटल्यावर आधी आत घुसून जागा घे म्हणावं. मागनं बॉल काढणाऱ्याचा दहातल्या नऊ वेळा धक्का लागतोच.

मिरजेचा सेंटर:
फ्री थ्रोचं पटलं सर, ते मला माहीत नव्हतं. जागा घ्यायचं पण शिकवतोय. पण दहावी वेळ भाच्याचीच होती ना? नऊ जणांच्या धक्क्याचा फाऊल त्याच्या नावावर का? धक्का लागू दे, पोरगं हलू दे, मग वाजवा, अर्धा सेकंद उशीर झाला तरी चालंल. काल प्रॅक्टिसला पुढं कुणी असलं की हा हात खाली घेऊन नुसता उभा राहत होता.