मदत हवी: बाबा समोरच्याची नक्कल करतात, थांबतच नाहीत

स्नेहल_इंदूर: मी चष्मा पुसला की बाबा पुसतात. आई पदर सावरते, तर हे खांद्यावरून हात फिरवतात. ‘करू नका’ म्हटलं की ‘बरं’ म्हणतात, जरा वेळाने पुन्हा तेच. काल काका पोह्यांची बशी तशीच ठेवून उठून गेले, त्यांना वाटलं वेडावून दाखवतायत. औषध सांगा, लवकर.

फिजिओताई: वय? कधीपासून? डोक्याला मार, लकवा, काही झालंय?

स्नेहल_इंदूर: लकवाच ना, दिवाळीनंतर. वय ६८. हात ठीक, उजवा पाय ओढतात.

जुना_सराफा: माझ्या मेहुण्याला नस्य आणि ब्राह्मीघृताने खूप फरक पडला. आजच सुरू करा.

फिजिओताई: दादा, मेहुण्यांना हाच त्रास होता का? स्नेहल, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाकात काही घालू नका. एमआरआयचा रिपोर्ट आहे का?

जुना_सराफा: त्यांना विसरभोळेपणा होता. पण मेंदू तो मेंदूच.

ग्वाल्हेरकर: हे मिरर न्यूरॉनचं काम असावं, म्हणजे दुसऱ्याची हालचाल नुसती बघतानाही जाग्या होणाऱ्या मेंदूतल्या पेशी. इटलीत पार्माला माकडांत सापडले ते.

मेधा_बडोदा: माकडांचं कळून तिला काय फायदा? फ्रांस्वा लेर्मित या फ्रेंच न्यूरॉलॉजिस्टने १९८६ मध्ये हेच लिहून ठेवलंय. तो रुग्णासमोर न बोलता हातवारे करायचा, रुग्ण तसेच करायचे. का, विचारलं तर म्हणायचे, करायचं असतं असं वाटलं. दुसऱ्याची हालचाल बघताना आपल्याही मेंदूत तीच करायची तयारी होते. कपाळामागचा भाग तिला आवरतो. तो दुखावला की आवर सुटतो. बाबा चिडवत नाहीयेत हो, काकांना हे नक्की सांग. कंगवा समोर दिसला की कुणी न सांगता भांग पाडतात का?

स्नेहल_इंदूर: हो! कात्री दिसली की पेपर कापत बसतात.

मेधा_बडोदा: तेही त्यानेच १९८३ मध्ये मांडलंय. कात्री, सुरी, काडेपेटी आजच उचलून ठेव.

राजवाडा४५: अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो.

सुनंदाकाकू: इंदुरात कुठे गं? माझी मावशी लोकमान्यनगरात असते.

ग्वाल्हेरकर: कॅटॅटोनिया नावाच्या आजारातही नक्कल करतात. तासन्‌तास ताठ, गप्प बसतात का? खाणंपिणं सोडलंय का? तसं असेल तर थांबू नका, त्याची औषधं वेगळी.

स्नेहल_इंदूर: नाही, बोलतात, जेवतात. रिपोर्ट सापडला. ‘डावी एसीए, मीडियल फ्रंटल इन्फार्क्ट’.

फिजिओताई: मग पाय आणि नक्कल, दोन्हीचं मूळ तिथेच. इन्फार्क्ट म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेला भाग. एसीए ही रक्तवाहिनी मेंदूच्या पुढच्या-मधल्या भागाला रक्त देते, पायाची हालचालही तिथूनच. नकलेवर अशी नेमकी गोळी नाही. समोर नको, शेजारी बसा. हातात काम द्या, शेंगा सोलायला वगैरे. पाहुण्यांना दारातच सांगा. आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, तिथे पाच मिनिटांत बाबा काहीच करणार नाहीत कदाचित.

स्नेहल_इंदूर: व्हिडिओ काढते. काकांना आत्ताच फोन लावतेय.