मॅकचं रूप बदलणार म्हणतात. काचेचा हा सोस मॅकला हवाय का?

धागाकर्ता: दिवेलागण (मे २०२५)

ॲपलची डेव्हलपर परिषद ९ जूनपासून आहे. आयफोन, आयपॅड आणि मॅक या तिघांचंही रूप यंदा एकदमच पालटणार, अशी बातमी ब्लूमबर्गने मार्चमध्येच दिली होती. नवं रूप बरंचसं व्हिजन प्रो हेडसेटच्या सिस्टीमवर बेतलेलं असेल, असंही त्यात होतं. म्हणजे अर्धपारदर्शक पॅनल, आरपार दिसणारे मेनू, गोलाकार बटणं.

आयफोनचं काय करायचं ते करोत. मॅकबद्दल मात्र माझा ठाम विरोध आहे.

हेडसेटमध्ये काच कशासाठी आहे, याचा आधी विचार करा. डोळ्यांवर यंत्र चढवल्यावरही समोरची खोली, समोरची माणसं दिसत राहावीत म्हणून. तिथे पारदर्शकतेला काम आहे. मॅकच्या विंडोमागे खोली नसते, दुसरी विंडो असते. तिच्यातलं स्प्रेडशीट पुढच्या मेनूमधून पुसट दिसत राहिलं तर माझ्या कामात कोणती भर पडते? दिवसभर मजकूर तपासणाऱ्या माणसाला मागचं सगळं गप्प बसलेलं हवं असतं.

दिखाव्यापायी उपयोगाची गोष्ट लपवण्याची सवय जुनीच आहे. २०११ च्या लायन या मॅकच्या सिस्टीमपासून ट्रॅकपॅडवर स्क्रोलबार आपोआप गायब होऊ लागला. पान किती लांब आहे आणि आपण कुठवर आलोय हे एका नजरेत कळायचं, ते गेलं. तो कायम दिसावा अशी सेटिंग आहे, पण तिच्यापर्यंत पोचतात किती जण?

कळफलक:

असहमत. प्रत्येक बदलाच्या आधी हाच सूर लागतो. २०१४ मध्ये मॅकची योसेमिटी ही आवृत्ती आली तेव्हा साइडबार अर्धपारदर्शक झाले, बटणं सपाट झाली आणि मॅकचा आयफोन केला म्हणून ओरड झाली. आज ते साइडबार कुणाला खटकतात?

दुसरं उदाहरण अधिक बोलकं आहे. विंडोज व्हिस्टामध्ये २००७ साली एरो ग्लास, म्हणजे विंडोच्या काचेसारख्या कडा, आली. व्हिस्टावर लोक तुटून पडले. २००९ मध्ये विंडोज ७ आली, काच जवळपास तीच, आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. मग दोष काचेचा होता का? व्हिस्टा जड होती, ड्रायव्हर तयार नव्हते, जुन्या मशीनवर ती रखडायची. आजच्या मॅकच्या चिपला काचेमागचं धूसर (ब्लर) करणं अवघड नाही.

शिवाय खोलीचा, म्हणजे डेप्थचा, भास निरुपयोगी नसतो. कोणता थर वर आहे आणि कोणता खाली, हे डोळ्याला न सांगता कळतं. सगळं सपाट आणि एकरंगी केलं की तेच हरवतं.

दिवेलागण:

थर दाखवायला सावली पुरते, आणि ती मॅकमध्ये पहिल्यापासून आहे. सावलीमुळे एकही अक्षर पुसट होत नाही.

अधोरेखित:

माझी दृष्टी कमी आहे, त्यामुळे हा माझ्यासाठी आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. वेबवरच्या सुगम्यतेच्या नियमांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५:१ इतका कॉन्ट्रास्ट मागितला आहे. पार्श्वभूमी ठरलेली असेल तर तो मोजता येतो. काचेच्या पॅनलमागे काय येणार हे डिझायनरला माहीत नसतं. गडद फोटोवर पांढरी अक्षरं ठसठशीत दिसतात, आणि तोच मेनू पांढऱ्या पानावर सरकवला की अक्षरं विरघळतात. सिस्टीमने ब्लर वाढवून, मागे रंगाचा थर देऊन ते सावरायचं असतं. पण जितकं सावराल तितकी काच कमी होत जाते.

पारदर्शकता कमी करण्याची सोय ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंग्जमध्ये आहे आणि ती मी वापरते. ती आहे म्हणून मूळ रूप कसंही चालेल, हे मात्र मला मान्य नाही. ज्यांना चष्मा लावूनही थोडं कमीच दिसतं, अशी बहुतेक माणसं त्या सेटिंगपर्यंत जातच नाहीत. आपले डोळेच अधू झाले असं समजून ती गप्प बसतात.

कळफलक:

तुमचा मुद्दा पटला. म्हणूनच माझी अपेक्षा अशी आहे की सेटिंग असली तरी मूळ रूपातच मजकुराची जागा घट्ट ठेवावी. काच टूलबारला, डॉकला (ॲपच्या आयकॉनच्या पट्टीला) द्या. मजकुराखाली नको.

अनवट:

मी मॅकसाठी ॲप बनवतो. एकसारख्या रूपाचा फायदा खरा आहे. सिस्टीमची तयार बटणं आणि टूलबार वापरणाऱ्या ॲपला नवं रूप बरंचसं फुकट मिळतं. ज्यांनी सगळं स्वतः रंगवलंय, त्यांची ॲप रातोरात जुनाट दिसू लागतात आणि पुढचं वर्ष डागडुजीत जातं. त्या वर्षात नवीन काही बनत नाही.

पण चर्चा काचेवरच अडकली आहे, आणि मला खरी भीती वेगळी वाटते. लोक रंगरूपाला महिनाभरात सरावतात. जागा बदलली की मात्र हात अडखळतो. विंडोज ८ ने २०१२ मध्ये स्टार्ट बटण काढलं आणि वर्षभरात ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं. जुन्या धाटणीचा मेनू परतायला तर २०१५ ची विंडोज १० उजाडली. मॅकवर व्हेंचुरा या आवृत्तीने २०२२ मध्ये सेटिंग्जची आयकॉनची जाळी मोडून फोनसारखी उभी यादी केली. डोळे मिटून सापडणाऱ्या गोष्टी अजूनही शोधपट्टीत टाइप करून काढाव्या लागतात. तिथे काचेचा संबंधच नव्हता.

दिवेलागण:

हे शंभर टक्के मान्य. तरी काच आणि जागा इतक्या वेगळ्या काढता येतील असं वाटत नाही. फोन, हेडसेट आणि मॅक यांना एकाच साच्यात बसवायचं ठरलं की बोटासाठी केलेली मोठी बटणं आणि सैल मोकळी जागा मॅकवर येणारच. २०२० च्या बिग सर या आवृत्तीत मेनूतल्या ओळी आणि टूलबार असेच फुगले. माउसचा बाण एका टोकाएवढा असतो, त्याला एवढ्या जागेची गरज नाही. तेरा इंची पडद्यावर प्रत्येक ओळ मोलाची असते.

९ तारखेला सादरीकरणात सुंदर निसर्गचित्रावर तरंगणारी विंडो दाखवतील. ती बघून मत बनवू नका. बीटा (चाचणीची आवृत्ती) हाती आली की पांढरंशुभ्र डॉक्युमेंट पूर्ण पडदाभर उघडा, त्यावर एक मेनू खाली ओढा आणि त्यातले करड्या रंगाचे, बंद असलेले पर्याय वाचता येतात का बघा. स्क्रीनशॉट इथेच टाका.

अधोरेखित:

पारदर्शकता कमी करण्याची सेटिंग चालू करून एक, बंद ठेवून एक, असे दोन्ही टाका.