ऑटोची मॅन्युअल केली, आता क्रूझ सेट होत नाही. क्लच स्विचची वायर नेमकी कुठे द्यायची?

घाटवाट_कोथरूड

नमस्कार मंडळी. माझी २००२ ची होंडा अ‍ॅकॉर्ड २.३, मूळ ४ स्पीड ऑटो. गेल्या महिन्यात ५ स्पीड मॅन्युअल करून घेतली. डोनर गाडी (जिचे पार्ट काढून घेतले ती) त्याच मॉडेलची मिळाली त्यामुळे गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच सेट, ड्राइव्ह शाफ्ट, पेडल बॉक्स, मास्टर-स्लेव्ह सिलिंडर सगळं एकाच गाडीचं आहे, जुगाड कुठेही नाही. ऑटो बॉक्स चांगला चालत होता, पण ताम्हिणी आणि वरंधा उतरताना गिअर आपल्या हातात असावा ही फार दिवसांची इच्छा होती, आणि खरं सांगतो, गाडी आता चालवायला इतकी मस्त झालीय की ऑफिसला पण लांबच्या रस्त्यानं जातो.

अडकलंय फक्त क्रूझ कंट्रोल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता सेट केलेला स्पीड धरून ठेवणारी सोय. मेन बटण दाबलं की त्यातला दिवा लागतो, पण ७०-८० च्या स्पीडला सेट दाबलं तर काहीच होत नाही. स्वॅपच्या (गिअरबॉक्स बदलण्याच्या) आधी एकदम व्यवस्थित चालायचं. स्पीडोमीटर बरोबर आहे, जीपीएसशी ताडून बघितलाय. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अजून ऑटोचाच आहे आणि क्लस्टरमध्ये (स्पीडोमीटरच्या पॅनेलमध्ये) डी-४ चा, म्हणजे ऑटोच्या ड्राइव्ह गिअरचा दिवा ब्लिंक होत राहतो. काम केलं त्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, मॅन्युअलमध्ये क्रूझ चालतच नाही, सोडून द्या. मला ते पटत नाही, कारण अमेरिकेत हीच गाडी मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्रूझ दोन्ही घेऊन विकली गेलीय. आईबाबांना घेऊन सोलापूरला नेहमी जाणं असतं, उजवा गुडघा दुखरा आहे, त्यामुळे मला हे चालू करायचंच आहे. कुणी केलंय का?

वायरिंग_पिंपरी

दादा, सोडून बिलकुल देऊ नका, होतं हे. तुमच्या गाडीत क्रूझचं युनिट डॅशखाली वेगळं असतं, ते इंजिनच्या ईसीयूत नाही, आणि थ्रॉटल (इंजिनला हवा देणारी झडप) केबलचा आहे म्हणजे तुमचं काम सोपं आहे.

युनिट सेट व्हायला तयार होण्याआधी काय काय बघतं ते समजून घ्या. गाडीचा स्पीड किमान ४० च्या वर आहे का, ब्रेकवर पाय नाही ना, आणि गाडी खरंच गिअरमध्ये आहे का. ऑटोमध्ये हे तिसरं उत्तर त्याला बॉक्सवरच्या गिअर पोझिशन स्विचकडून मिळतं, लिव्हर डी (ड्राइव्ह) मध्ये असला की ती वायर आर्थ होते, म्हणजे बॉडीला जोडली जाते. मॅन्युअल गाडीत युनिटच्या त्याच पिनवर क्लच पेडलचा स्विच येतो. पेडल मोकळं असेल तर आर्थ, जरा दाबलं की आर्थ तुटतं आणि क्रूझ सुटतं. तुमचा ऑटो बॉक्स खाली उतरला तेव्हा त्याच्याबरोबर तो स्विचही गेला, आता ती वायर हवेत लोंबकळत असणार. युनिटला वाटतंय लिव्हर पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) मध्ये आहे, मग ते सेट कशाला होईल.

पण वायरला हात लावायच्या आधी हॉर्न वाजतोय का बघा. विषय सोडून बोलतोय असं वाटेल, पण त्या काळातल्या होंडांमध्ये स्टिअरिंगवरच्या सेट-रिझ्यूम बटणांना सप्लाय हॉर्नच्या सर्किटमधून येतो. हॉर्नचा फ्यूज उडाला असेल तर मेनचा दिवा लागतो आणि सेट मात्र मरतं, तासभर वायरिंग उपसूनही काही सापडत नाही. दुसरं म्हणजे तुमचा अ‍ॅक्च्युएटर (थ्रॉटल ओढणारा भाग) व्हॅक्यूमवर चालतो, बॉक्स चढवता-उतरवताना त्याचा पाइप निसटलाय का तेही बघून घ्या.

स्पॅनर१४

एवढं कशाला भाऊ, ती डी ची वायर सरळ बॉडीला आर्थ कर, झालं काम. माझ्या मित्राच्या गाडीत तसंच आहे, क्रूझ चालतं.

वायरिंग_पिंपरी

कृपया हे करू नका. कळकळीनं सांगतोय.

वायर कायमची आर्थ केली की युनिटला गाडी सतत गिअरमध्येच दिसणार. आता समजा ९० ला क्रूझ लावलंय, पुढे ट्रक आला, तुम्ही ब्रेक न लावता नुसता क्लच दाबून चौथा टाकायला गेलात. क्लच दाबल्यावर स्पीड उतरायला लागतो, युनिट तो स्पीड परत आणायला थ्रॉटल ओढतं, आणि इंजिनवर तेव्हा लोडच नसतो. आरपीएम झपकन वर जातो, आणि तशा आरपीएमला तुम्ही क्लच सोडलात की गाडी झटका मारून पुढे जाते. पावसात पुढची चाकं घसरली तर? स्पीड खूप उतरला तर युनिट आपणहून सुटतं हे खरं, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ब्रेकनं क्रूझ सुटतं म्हणून भागत नाही, कारण आपण प्रत्येक वेळी ब्रेक लावून गिअर बदलत नाही. मित्राची गाडी आज चालत असेल, पण त्यालाही सांगा स्विच बसवून घे म्हणून. स्वस्तातला स्विच असतो हो, त्याच्यासाठी एवढी रिस्क नको.

एक गोष्ट खूप जण गोंधळतात ती आत्ताच लिहून टाकतो. क्लच पेडलला दोन ठिकाणी स्विच असू शकतात. एक पेडल पूर्ण खाली गेल्यावर दाबला जातो, तो स्टार्टरसाठी, क्लच दाबल्याशिवाय गाडी चालू होऊ नये म्हणून. दुसरा वरच्या टोकाला, पेडल मोकळं असताना दाबलेला असतो आणि पेडल थोडंसं हललं तरी सुटतो. क्रूझला हा वरचा लागतो. खालचा जोडला तर पेडल मोकळं असताना आर्थच मिळणार नाही, म्हणजे क्रूझ सेटच होणार नाही. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, पेडल मोकळं असताना बीप आलं पाहिजे आणि दोन बोटांनी पेडल जरा ढकललं की लगेच थांबलं पाहिजे. वायरच्या रंगावर जाऊ नका, मॉडेल आणि देशाप्रमाणे रंग बदलतात. आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम काढून पिन नंबरानं शोधा.

घाटवाट_कोथरूड

खूप खूप धन्यवाद, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. हॉर्न वाजतोय, व्हॅक्यूमचा पाइप पण जागेवर आहे. अजून एक निरीक्षण, क्लस्टरमध्ये पी चा दिवा कायम लागलेला असतो, आणि गाडी क्लच न दाबता स्टार्ट होते.

वायरिंग_पिंपरी

मग गॅरेजवाल्यानं स्टार्टर चालावा म्हणून पी-एनची वायर कायमची जोडून ठेवलीय. सगळी जोडणी उघडून बघा, डी ची वायर वेगळी काढा आणि तिलाच क्लचचा वरचा स्विच द्या. स्टार्टरची वायर खालच्या स्विचमधून न्या, नाहीतर गिअरमध्ये उभी गाडी कुणीतरी चावी फिरवली की उडी मारेल, पार्किंगमध्ये लहान मुलं असतात. रिव्हर्स लाइटचं पण बघा, मॅन्युअल बॉक्सवर त्याचा स्विच वेगळा असतो, तो जोडलाय का?

डी-४ ब्लिंक होतोय कारण ईसीयूला ऑटोचे सोलेनॉइड (बॉक्समधल्या विजेवर चालणाऱ्या झडपा) सापडत नाहीत. त्यानं क्रूझ अडत नाही, युनिट वेगळं आहे. पण कायमचा उपाय म्हणजे मॅन्युअलचा ईसीयू. तो घेताना इमोबिलायझर लक्षात ठेवा, चाव्या त्या ईसीयूला नव्यानं रजिस्टर कराव्या लागतात, नाहीतर गाडी चालूच होणार नाही. नुसता ईसीयू स्वस्त मिळाला म्हणून उचलू नका.

मृणाल_औंध

विषय चांगला चाललाय म्हणून भर घालते. ज्यांच्या गाडीत केबल नाही, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे, त्यांनी वरचं वाचून फक्त वायर शोधत बसू नका. तिथे क्रूझ इंजिन ईसीयूच्या आतच असतं आणि गिअरबॉक्सची माहिती कॅनवरून (गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या नेटवर्कवरून) येते. बॉक्सचा कंट्रोलर काढला की ईसीयू त्याची वाट बघत बसतो, फॉल्ट टाकतो आणि क्रूझ बंद ठेवतो. माझ्याकडे फोक्सवॅगन ग्रुपची गाडी आहे, तिथे व्हीसीडीएस (या गाड्यांसाठीचं तपासणीचं सॉफ्टवेअर) लावून इंजिनचं कोडिंग ऑटोचं मॅन्युअल करावं लागतं आणि गेटवेच्या (सगळे कंट्रोलर जोडणाऱ्या मॉड्यूलच्या) यादीतून ऑटो ट्रान्समिशन काढून टाकावं लागतं. जुन्या १.८टी वगैरे इंजिनांत क्रूझ चालू करायचा लॉगिन कोड ११४६३ आहे आणि बंद करायचा १६१६७. पण कोडिंग केलं तरी क्लच स्विच खरोखर लागलेला पाहिजेच, मेझरिंग ब्लॉकमध्ये (त्याच सॉफ्टवेअरमधल्या लाइव्ह रीडिंगमध्ये) पेडल दाबल्यावर तो बिट बदलताना दिसला पाहिजे, मगच रस्त्यावर न्या.

आणखी एक, मागच्या ब्रेक लाइटला एलईडी बल्ब टाकलेत का कुणी? काही जुन्या गाड्यांत क्रूझचं युनिट ब्रेक लाइटच्या फिलामेंटमधून आर्थ बघतं. एलईडी टाकले की त्याला ते मिळत नाही आणि क्रूझ रुसतं. स्वॅपच्याच वेळी बल्ब बदलले असतील तर सगळे जण गिअरबॉक्सलाच दोष देत बसतात.

संगमपूल_१२

टेक्निकल मला फार कळत नाही, पण कागदांचं बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे. एवढं मोठं काम केलंय तर आरटीओत जाऊन लेखी विचारून घ्या आणि इन्शुरन्स कंपनीला मेलवर कळवून ठेवा, क्लेमच्या वेळी वाद नको. डोनर गाडीच्या पार्टची बिलं पण जपून ठेवा.

घाटवाट_कोथरूड

झालं!! काल रविवारी दुसऱ्या वायरमनकडे बसून सगळं उघडलं. वायरिंग_पिंपरींनी सांगितलं तसंच निघालं, डी ची वायर टेप गुंडाळून हार्नेसला बांधून ठेवली होती. नाना पेठेत क्लच स्विच मिळाला, वरचा आणि खालचा दोन्ही बसवले, पी-एनचं जंपर काढलं, आता क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट होत नाही आणि पी चा दिवाही गेला. आधी जॅकवर चढवून करावं का असं वाटलं होतं, पण वायरमन म्हणाला चाकं हवेत असताना क्रूझ लावणं धोक्याचं, रस्त्यावर रिकाम्या वेळी करा. मग सकाळी लवकर सोलापूर रोडला यवतच्या पुढे गेलो, ८० ला सेट केलं आणि धरलं त्यानं. क्लचवर नुसता पाय टेकवून हलकंच दाबलं, लगेच सुटलं, आरपीएम खाली आला. ब्रेकनं पण सुटतं. वरखाली रस्त्यावर पण ८० धरून ठेवतंय. बाबांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले आता पुढच्या आठवड्यातच निघूया.

एकच शंका, मोठ्या खड्ड्यातून गेलो की कधीकधी क्रूझ आपोआप सुटतं. स्विच खराब असेल का?

वायरिंग_पिंपरी

अभिनंदन दादा, वाचून फार बरं वाटलं. स्विच नवीन आहे, लगेच खराब नसावा. पेडलच्या दांड्यावर जिथे स्विचचा पिन टेकतो तिथे एक छोटा रबरी स्टॉपर भोकात बसवलेला असतो. डोनरचं पेडल वीसेक वर्षं जुनं, ते रबर वाळून त्याचा चुरा होतो, मग पिन नीट दाबला जात नाही आणि धक्का बसला की आर्थ तुटतं. खाली वाकून टॉर्च मारून बघा, मॅटवर रबराचे तुकडे पडलेले दिसले तर तेच. नवीन स्टॉपर स्वस्तात येतो. तो ठीक असेल तर स्विचचा लॉकनट सैल करून स्विच अर्धा आटा पुढे घ्या, पण मीटर लावूनच, कारण जास्त पुढे घेतला तर पेडल बरंच दाबेपर्यंत क्रूझ सुटणार नाही. आणि स्विचच्या बॉडीवर पेडलचा भार येऊ देऊ नका, वर आलेलं पेडल पूर्ण मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर क्लच कायम थोडा दाबलेला राहून प्लेट घासेल.

घाटवाट_कोथरूड

टॉर्च मारला, मॅटवर निळसर तुकडे आहेत. स्टॉपर आणायला निघालोय.